प्रवासाला एकच चार्जर न्यायचाय? आधी वाटणीचा तक्ता वाचा

लॅपटॉपचा काळा ठोकळा आणि त्याची जाड वायर, फोनचा चार्जर, घड्याळाचा वेगळा, इअरबड्सची केबल, आणि हे सगळं लावायला वर एक एक्स्टेन्शन बोर्ड. चार दिवसांच्या कामासाठी पुण्याहून बंगळुरूला निघालेल्या माणसाच्या बॅगेत कपड्यांइतकीच जागा वायरी खातात. आता हे सगळं मुठीत मावेल अशा एका चार्जरवर भागतं. पण दुकानात गेलं की ६५ वॅट, १०० वॅट, गॅन, पीडी, पीपीएस अशी गर्दी अंगावर येते, आणि माणूस बहुधा सर्वांत मोठा आकडा उचलून घरी येतो.

मोठा आकडा फसवा असतो. तो खोटा नसतो, पण बहुतेक वेळा एकच उपकरण लावलं तरचा असतो. आपण तर लॅपटॉप, फोन आणि घड्याळ एकदम लावणार. तेव्हा कोणाच्या वाट्याला किती येतं, हे खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं. खरी निवड त्या चार ओळींवर करायची. तिथपर्यंत पोचायला आधी दोन-तीन गोष्टी घरबसल्या तपासून घ्या.

पहिली पायरी: लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होतो का?

लॅपटॉपला टाइप-सीचं भोक आहे म्हणजे तो त्यातून चार्ज होतोच असं नाही. स्वस्त लॅपटॉपांत आणि काही गेमिंग लॅपटॉपांत हे पोर्ट फक्त फाइली हलवण्यापुरतं असतं. पोर्टशेजारी प्लगचं किंवा बॅटरीचं बारीक चित्र कोरलेलं असेल तर चार्जिंगची सोय आहे असं समजायला हरकत नाही. चित्र नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलची माहिती उघडा आणि त्यात ‘पॉवर डिलिव्हरी’ हे शब्द शोधा. यालाच सगळे पीडी म्हणतात. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांना विचारलेलं सर्वांत सोपं. मित्राचा टाइप-सी लॅपटॉप चार्जर मिळाला तर पाच मिनिटं लावून बघा, प्रश्न मिटला.

जुन्या लॅपटॉपला गोल पिनेचा चार्जर असतो. त्यांच्यासाठी एका टोकाला टाइप-सी आणि दुसऱ्या टोकाला गोल पिन अशा केबल बाजारात मिळतात. माझं मत विचाराल तर नवख्या माणसानं या वाटेला जाऊ नये. डेल आणि एचपीच्या अनेक मॉडेलांत गोल पिनेच्या मधोमध एक बारीक सुई असते. चार्जर आपलाच आहे ना, हे लॅपटॉप तिच्यातून ओळखतो. ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी भरत नाही, किंवा मशीन मुद्दाम मंद चालतं. अशा वेळी जुना ठोकळा न्यावा आणि फोन-घड्याळासाठी छोटा चार्जर घ्यावा, हे बरं.

दुसरी पायरी: जुन्या चार्जरवरचं लेबल वाचा

लॅपटॉपसोबत आलेला चार्जर उलटा करा. ‘आउटपुट’ या शब्दापुढे व्होल्ट आणि अँपिअर दिलेले असतात. दोन्हींचा गुणाकार केला की वॅट मिळतात. २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर म्हणजे ६५ वॅट. १९.५ आणि २.३१ म्हणजे ४५. २० आणि ४.५ म्हणजे ९०. ऑफिसच्या कामाचे बहुतेक पातळ लॅपटॉप ४५ ते ६५ वॅटमध्ये बसतात. मॅकबुक एअरला कंपनी ३० किंवा ३५ वॅटचा चार्जर देते, १६ इंची मॅकबुक प्रोला १४० वॅटचा. गेमिंग लॅपटॉपांचे आकडे १८० पासून ३३० पर्यंत जातात. ती मंडळी या लेखाच्या बाहेरची, त्यांच्याबद्दल शेवटी दोन शब्द आहेत.

लेबलवरचा आकडा म्हणजे लॅपटॉपची कमाल भूक. बॅटरी पूर्ण उतरलेली आहे, पडदा लख्ख आहे आणि मशीन जोरात काम करतंय, अशा वेळची. एरवी ईमेल, एक्सेल आणि व्हिडिओ कॉल यांना त्याहून बरंच कमी लागतं. म्हणून ६५ वॅटवाला लॅपटॉप ४५ वॅटवरही सहसा मुकाट्यानं चार्ज होतो, फक्त वेळ जास्त घेतो. काही लॅपटॉप सुरू होताना ‘कमी क्षमतेचा चार्जर’ अशी तक्रार करतात. ती वाचून पुढे जायचं.

उलट बाजूची भीती मात्र अनेकांच्या मनात असते: १०० वॅटच्या चार्जरनं माझा २५ वॅटचा फोन जळणार तर नाही? नाही. पीडी चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो आणि आपल्याकडे काय काय आहे ते उपकरणाला सांगतो: ५, ९, १५, २० व्होल्ट. उपकरण त्यातलं हवं ते मागतं. पंगतीतला वाढपी आग्रह करकरून वाढतो, चार्जर तसं करत नाही. मागितलं तेवढंच आणि तेच देतो.

या यादीतली २० व्होल्टची ओळ लॅपटॉपवाल्यांसाठी कळीची. पुष्कळ लॅपटॉप २० व्होल्टच मागतात. ती ओळ नसेल तर ते चार्जरकडे ढुंकूनही पाहत नाहीत. म्हणून कोणताही चार्जर हातात घेतलात की खोक्यावरची जाहिरात सोडा आणि अंगावरचा मजकूर वाचा. २० व्होल्ट कुठेच लिहिलेलं नसेल तर पुढं काही बघायची गरज नाही, तो फोनचा चार्जर आहे. त्यावर १२० वॅट का लिहिलेलं असेना.

तिसरी पायरी: फोन कोणत्या घरचा आहे

आयफोन १५ पासून पुढचे आयफोन टाइप-सीचे आहेत आणि पीडीवर व्यवस्थित चार्ज होतात. त्याआधीच्यांना टाइप-सी ते लाइटनिंग केबल लागते. सॅमसंगच्या वरच्या फोनांना ‘सुपर फास्ट’ हवं असेल तर चार्जरवर पीपीएस लिहिलेलं असलं पाहिजे. पीपीएस हा पीडीचाच एक प्रकार. त्यात व्होल्टेज ठरावीक टप्प्यांऐवजी थोडं थोडं कमी-जास्त करता येतं, त्यामुळे फोन कमी तापतो. पीपीएस नसेल तरी फोन चार्ज होतोच, फक्त सावकाश.

वनप्लस, ओप्पो, रिअलमी, विवो यांचा मामला वेगळा. त्यांचं ६०, ८०, १०० वॅटचं वेगवान चार्जिंग ही त्यांची स्वतःची पद्धत आहे, तिला त्यांचाच चार्जर आणि बहुधा त्यांचीच केबल लागते. साध्या पीडी चार्जरवर हे फोन बरेच सावकाश भरतात. आता यासाठी दुसरा चार्जर न्यायचा का? माझ्या मते नाही. प्रवासात फोन रात्रभर चार्जिंगला असतो, तेव्हा तो अर्ध्या तासात भरला काय आणि दोन तासांत भरला काय. दिवसभर बाहेर राहून पंधरा मिनिटांच्या चार्जिंगवर जगणारे असाल तर गोष्ट वेगळी.

लहान उपकरणांची एक गंमत नवख्यांना हमखास चकवते. स्वस्त ट्रिमर, टॉर्च, ब्लूटूथ स्पीकर, काही इअरबड्स यांना टाइप-सीचं भोक असतं, पण दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर ते चार्जच होत नाहीत. लोक समजतात उपकरण बिघडलं. खरं कारण असं की टाइप-सी चार्जर समोर कुणीतरी आहे याची खूण मिळाल्याशिवाय वीज सोडतच नाही. ती खूण म्हणजे उपकरणातले दोन बारीक रेझिस्टर. पाच-दहा पैसे वाचवायला बनवणाऱ्यानं तेच गाळलेले असतात. जुन्या चपट्या यूएसबी पोर्टवर ५ व्होल्ट कायम असतात, त्यामुळे चपटं ते टाइप-सी अशी केबल लावली की तेच उपकरण लगेच जागं होतं. म्हणून चार्जरला एक तरी चपटं पोर्ट असावं, असा माझा आग्रह आहे. चारही पोर्ट टाइप-सी असलेला चार्जर दिसायला आधुनिक वाटतो, पण दाढीचं मशीन बंद पडलं की त्याचा राग येतो.

चौथी पायरी: वाटणीचा तक्ता

आता मुद्द्याचं. खोक्याच्या मागे, चार्जरच्या अंगावर किंवा कंपनीच्या पानावर असं काहीतरी लिहिलेलं सापडेल: ‘सी-१ एकटं: ६५ वॅट. सी-१ आणि सी-२: ४५ अधिक २०. सी-१ आणि ए: ४५ अधिक १८. सी-२ आणि ए: १५ वॅट मिळून.’ सी-१ आणि सी-२ ही टाइप-सी पोर्टं, ए म्हणजे जुनं चपटं पोर्ट. हाच तो तक्ता.

हे उदाहरण वाचून बघू. लॅपटॉप सी-१ ला लावला आणि फोन सी-२ ला, की लॅपटॉपला ४५ आणि फोनला २०. ६५ वॅटच्या ऑफिस लॅपटॉपला हे पुरेसं. आता चुकून लॅपटॉप सी-२ ला लावला आणि इअरबड्स ए पोर्टला, तर दोघांना मिळून १५ वॅट, तेही ५ व्होल्टवर. लॅपटॉप चार्ज होणारच नाही. चार्जर चांगला, लॅपटॉप चांगला, फक्त भोक चुकलं. सकाळी उठून बघावं तर बॅटरी तेवढीच. ज्यांना ‘हा चार्जर कधी चालतो, कधी नाही’ असं वाटतं, त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं हे असतं.

काही चार्जर समान वाटणी करतात. अ‍ॅपलचा ३५ वॅटचा दोन पोर्टवाला चार्जर मॅकबुक आणि आयफोन एकदम लावले की दोघांना साडेसतरा-साडेसतरा वॅट देतो. मॅकबुक एअर रात्रभरात त्यावर भरतं, पण दुपारी काम करता करता भरायचं म्हटलं तर पुरं पडत नाही. सॅमसंगच्या ६५ वॅटच्या तीन पोर्टवाल्या चार्जरवर मात्र पोर्टनिहाय कमाल मर्यादा ठरलेल्या आहेत: एक टाइप-सी ६५ पर्यंत, दुसरं २५ पर्यंत, आणि चपटं १५ पर्यंत. दोन कंपन्या, दोन रीती. त्यामुळे ‘मल्टिपोर्ट’ या एका शब्दावर विसंबू नका.

आणखी एक चलाखी. काही खोक्यांवरचे ६५ वॅट ही बेरीज असते: एका पोर्टचे ४५, दुसऱ्याचे २०. एकट्या पोर्टमधून ६५ कधीच येत नाहीत. तक्त्यात ‘एकटं’ असताना किती, ही ओळ म्हणूनच आधी शोधा. तक्ताच छापलेला नसेल तर तो चार्जर परत ठेवा. जी कंपनी वाटणी सांगायला कचरते तिची वाटणी बरी नसणार.

मग किती वॅटचा घ्यायचा? हिशेब सोपा आहे. लॅपटॉपला काम चालू असताना चालेल तेवढे वॅट धरा (६५ वाल्याला ४५, ९० वाल्याला ६५), त्यात फोनचे २० मिळवा. तक्त्यात हे दोन आकडे एकाच ओळीत सापडले पाहिजेत. साध्या ऑफिस लॅपटॉपसाठी चांगल्या वाटणीचा ६५ वॅटचा चार्जर पुरतो. लॅपटॉप जड कामाचा असेल, किंवा दोघांचे दोन लॅपटॉप एका चार्जरवर भागवायचे असतील तर १०० वॅट घ्या, ज्यात ६५ अधिक ३० किंवा ४५ अधिक ४५ अशी ओळ असेल. त्याहून वर जाण्याचं कारण १४० वॅटवाल्या मॅकबुकखेरीज फारसं दिसत नाही. वॅट वाढले की वजन वाढतं, आणि कमी ओझ्यासाठीच तर हा खटाटोप चाललाय.

एक सवय अंगी लावून घ्या. नवं काही लावलं किंवा काढलं की चार्जर वाटणी नव्यानं ठरवतो आणि त्या क्षणी बऱ्याच चार्जरांत सगळ्या पोर्टांची वीज पळभर जाते. बॅटरी असलेल्या लॅपटॉप-फोनला काही फरक पडत नाही. पण वायफायचा डबा किंवा बॅटरी नसलेलं दुसरं काही त्याच चार्जरवर चालवत असाल तर ते बंद होऊन पुन्हा सुरू होईल. मीटिंग चालू असताना बायकोनं तिचा फोन लावला आणि नेट गेलं, असं भांडण ओढवून घेऊ नका.

पाचवी पायरी: केबल

चार्जरवर तीन हजार घालवून केबल मात्र ड्रॉवरमधली जुनी, हे फार दिसतं. टाइप-सीची साधी केबल ३ अँपिअर वाहते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्याच्या वर जायचं तर ५ अँपिअरची केबल लागते आणि तिच्या टोकात एक चिप असते, जी चार्जरला सांगते की मला जास्त झेपतं. चिप नसेल तर १०० वॅटचा चार्जरही ६० च्या वर जात नाही. यूएसबीच्या २०२१ च्या नव्या नियमांपासून २४० वॅटच्या केबलही आल्या. भावात फार फरक नसेल तर तीच घ्यावी, बरीच वर्षं पुरेल.

लांबी दीड ते दोन मीटर. हॉटेलात सॉकेट पलंगामागे असतं आणि टेबल खिडकीशी, एक मीटरची केबल मध्येच लोंबकळते. आणि लक्षात असू द्या, चार्जिंगच्या केबल बहुधा फाइली सावकाश हलवतात. बाहेरची हार्ड डिस्क जोडायची असेल तर तिची केबल वेगळी.

सहावी पायरी: पिना, सॉकेट आणि लोंबकळणारा चार्जर

चार्जरच्या पोटात काय आहे यावर सगळे बोलतात, पण प्रवासात माणूस अडतो तो पिनेवर.

‘गॅन’ म्हणजे गॅलियम नायट्राइड. सिलिकॉनऐवजी या पदार्थाचे ट्रान्झिस्टर वापरले की ते जास्त वेगानं चालू-बंद करता येतात आणि उष्णता कमी वाया जाते. वेग वाढला की आतला ट्रान्सफॉर्मर लहान चालतो, म्हणून अख्खा चार्जर आटोपशीर होतो. आटोपशीर झाला तरी त्याचं वजन दोन पिनांवर लटकतं. आपल्याकडच्या सैल झालेल्या सॉकेटांत, विशेषतः रेल्वेच्या डब्यात, १०० वॅटचा चार्जर गाडीच्या हादऱ्यांनी हळूहळू बाहेर येतो.

यावर माझा आवडता तोडगा म्हणजे वायरवाला चार्जर. यात चार्जर टेबलावर राहतो आणि भिंतीपर्यंत सुटी वायर जाते, जुन्या टेपरेकॉर्डरला असायची तशी आठच्या आकाराच्या टोकाची. पन्नास-साठ ग्रॅम वजन वाढतं हे खरं. पण सॉकेट सैल असलं तरी बिघडत नाही, आणि परदेशी गेलात तर नुसती वायर बदलायची. पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला अशी वायर सहज मिळते. वायर घेताना ती हलकी-पातळ नाही ना, एवढं हातानं पाहून घ्या.

ऑनलाइन घेताना पिनेचं चित्र मोठं करून बघा. घडी होणाऱ्या दोन चपट्या पिना म्हणजे अमेरिकी माल. आपल्या गोल भोकांच्या सॉकेटात त्या जात नाहीत, मग रूपांतर करणारा प्लग लागतो आणि तो जोड हमखास सैल बसतो. भारतातच फिरणार असाल तर गोल पिनांचाच घ्या. अमेरिका, कॅनडा आणि जपानला चपट्या दोन पिना लागतात. ब्रिटन, दुबई आणि सिंगापूरला तीन जाड चौकोनी, ऑस्ट्रेलियाला तिरप्या चपट्या. युरोपात बहुतेक ठिकाणी आपल्या फोन चार्जरच्या दोन बारीक गोल पिना चालून जातात. व्होल्टेजची काळजी नको: लेबलवर ‘इनपुट १००-२४० व्होल्ट’ लिहिलेलं असलं की जपानच्या १०० पासून आपल्या २३० पर्यंत सगळीकडे तोच चार्जर चालतो. केसांचा ड्रायर किंवा प्रवासी इस्त्री मात्र त्याच प्लगनं परदेशी लावू नका. प्लग पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही.

रेल्वेच्या अनेक डब्यांत चार्जिंगच्या सॉकेटवर ११० व्होल्ट लिहिलेलं दिसतं. तेही या मर्यादेत बसतं, बिनधास्त लावा. पण आगीच्या धोक्यामुळे रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगची सॉकेटं बंद ठेवण्याचे आदेश रेल्वेत आहेत. म्हणून लॅपटॉपचं चार्जिंग जेवणाच्या वेळेतच उरकून घ्यावं. शेजारचा प्रवासी ‘एक वायर लावू का?’ असं विचारणारच. लावू द्या, फक्त त्याचा फोन लागला की तुमच्या लॅपटॉपचा वाटा घटतो, हे ध्यानात ठेवून तुमचा लॅपटॉप ६५ वरून ४५ वर आला तर दचकू नका.

हॉटेलात खोलीचं कार्ड खाचेतून काढलं की बहुतेक सॉकेटं मरतात. ‘दिवसभर चार्जिंगला लावून गेलो होतो’ असं म्हणणाऱ्याचा लॅपटॉप संध्याकाळी तसाच रिकामा असतो. फ्रिजचं किंवा टीव्हीमागचं सॉकेट काही ठिकाणी चालू राहतं, ते शोधून ठेवा. विमानातल्या सीटखालच्या सॉकेटाला मर्यादा असते, बऱ्याच विमानांत ती साधारण ७५ वॅटची. १०० वॅटचा चार्जर लावून दोन लॅपटॉप जोडले तर ते सॉकेट स्वतःच बंद होतं. एकच उपकरण ठेवा, पुन्हा लावा.

सातवी पायरी: खरा-खोटा ओळखणं आणि खरेदी

भारतात विकल्या जाणाऱ्या चार्जरला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी सक्तीची आहे. चार्जरच्या अंगावर बीआयएसची खूण आणि ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. फोनवर ‘बीआयएस केअर’ हे सरकारी अ‍ॅप घ्या, त्यात तो क्रमांक टाका. नोंदणी कोणाच्या नावानं आहे ते दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू द्या.

ठीक दर्जाचा ६५ वॅटचा गॅन चार्जर साधारण दीड ते चार हजारांच्या आत मिळतो. फुटपाथवर चारशे रुपयांत ‘१०० वॅट गॅन’ दिसला तर त्याच्या आत गॅनही नाही आणि १०० वॅटही नाहीत. हा तुमच्या साठ-सत्तर हजारांच्या लॅपटॉपला थेट २३० व्होल्टच्या शेजारी नेऊन बसवणारा डबा आहे, इथं काटकसर नको.

धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्जिंगला असताना हात फिरवला की बारीक मुंग्या आल्यासारखं वाटतं, हा अनुभव अनेकांना नव्या चार्जरवर पहिल्यांदा येतो. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं. विजेतला कचरा दाबण्यासाठी आत बसवलेल्या कपॅसिटरमधून अगदी थोडा प्रवाह धातूपर्यंत झिरपतो, तो जाणवतो. सहसा धोका नसतो. नकोसं वाटत असेल तर खरोखर अर्थिंग जोडलेला तीन पिनांचा चार्जर घ्या. काहींची तिसरी पिन नुसती प्लॅस्टिकची असते, ती बघून घ्या. पण मुंग्यांऐवजी झटका बसला, आतून गुणगुण आली किंवा जळका वास आला तर तो चार्जर त्याच दिवशी बाद.

चार्जर गरम होणं नैसर्गिक आहे. एवढ्याशा डबीतून ६५ वॅट जातात, तेव्हा तो हाताला चांगलाच तापलेला लागतो. उशीखाली, गादीवर किंवा बॅगेत बंद करून मात्र चालवू नका. कोकणात पावसाळ्यात होमस्टेला उतरला असाल आणि वीज येत-जात असेल, तर विजा चमकत असताना तो काढून ठेवा. कमी दाबानं त्याचं काही बिघडत नाही, अचानक आलेल्या उसळीनं बिघडू शकतं.

पोटात बॅटरी असलेले चार्जर, म्हणजे चार्जर आणि पॉवर बँक एकातच, हल्ली दिसतात. कल्पना चांगली आहे, पण विमानाच्या नियमांत तो पॉवर बँक ठरतो: चेक-इन बॅगेत चालत नाही, केबिनमध्येच न्यावा लागतो, आणि १०० वॅट-तासांच्या आत असावा. २०,००० एमएएच म्हणजे सुमारे ७४ वॅट-तास, तो बसतो. शिवाय सिंगापूर एअरलाइन्सनं १ एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सनं १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच बंदी केली आहे. बॅटरी नसलेल्या साध्या चार्जरला यातलं काहीच लागू नाही. म्हणून मी दोन्ही वेगळे ठेवण्याच्या बाजूचा आहे.

आठवी पायरी: घरी दोन संध्याकाळी तालीम

निघायच्या आदल्या रात्री खोकं फोडू नका. आठवडाभर आधी आणा. पहिल्या संध्याकाळी लॅपटॉप एकटा लावा आणि नेहमीचं काम करा. टक्के चढतायत का बघा. मॅकवर ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘पॉवर’ या भागात चार्जर किती वॅटचा म्हणून ओळखला गेलाय ते दिसतं. विंडोजवर तसा सरळ आकडा दिसत नाही, पण चार्जर अपुरा असला तर बरेच लॅपटॉप ‘स्लो चार्जर’ अशी सूचना देतात.

दुसऱ्या संध्याकाळी सगळं एकदम लावा: लॅपटॉप, फोन, घड्याळ, इअरबड्स, ट्रिमर. व्हिडिओ कॉल सुरू करा. अर्ध्या तासात लॅपटॉपचे टक्के निदान जागच्या जागी राहिले तरी पास. घसरत असतील तर पोर्ट बदला, मग केबल बदला, आणि तरीही जमत नसेल तर परत करण्याची मुदत संपलेली नाही ना ते बघा. जे उपकरण ज्या पोर्टवर नीट चाललं ते पक्कं करा आणि लॅपटॉपच्या पोर्टशेजारी नेलपॉलिशचा एक ठिपका लावा. अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर झोप असताना ‘सी-१’ ही अक्षरं दिसत नाहीत, ठिपका दिसतो.

राहिले गेमिंग लॅपटॉपवाले. तुमचं मशीन १०० वॅटच्या टाइप-सीवर चार्ज होत असेल तर प्रवासात ईमेल, लिखाण आणि सिनेमा यांसाठी तेवढं पुरतं. गेम खेळायचा किंवा व्हिडिओ रेंडर करायचा असेल तर कंपनीचा जाड ठोकळाच न्या, दुसरा इलाज नाही. युरोपीय संघानं फोन, टॅब्लेट, कॅमेरे वगैरेंना २८ डिसेंबर २०२४ पासून टाइप-सी बंधनकारक केलं, आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. पण तिथंही मोठी भूक असलेल्या मशीनला टाइप-सीच्या जोडीला आपला खास चार्जर ठेवण्याची मुभा आहेच.